गव्हाच्या मुलखात, बैसाखीनंतर

मंगळवार, दिल्ली

करोलबागची गर्दी मागे पडली आणि थोड्याच वेळात रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक गव्हाची शेतं आली. राजधानीच्या ऐन मध्यावर शेकडो एकर शेती आहे यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा विश्वास बसत नाही. ही भारतीय कृषी संशोधन संस्था. सगळे तिला पुसा म्हणतात. पुसा हे मूळ बिहारमधलं गाव, १९०५ साली संस्था तिथे सुरू झाली. १९३४च्या भूकंपात इमारत पडली, दोन वर्षांनी संस्था दिल्लीत आली आणि गावाचं नाव बरोबर घेऊन आली.

वाफ्यांपुढे वाणांच्या पाट्या होत्या. गहू कमरेला लागेल एवढाच, ताठ उभा. त्याच्या या उंचीमुळेच मी इथून सुरुवात केली. आजोबांच्या वेळचा गहू छातीपर्यंत यायचा. त्याला जास्त खत घातलं की ओंबी जड व्हायची, काडीला भार सोसायचा नाही आणि उभं पीक जमिनीवर लोळायचं. म्हणजे खत हाताशी असूनही घालायची सोय नव्हती. जपानमधल्या नोरिन-१० नावाच्या बुटक्या गव्हाचं रक्त अमेरिकेमार्गे मेक्सिकोत गेलं, तिथे नॉर्मन बोरलॉग या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्यातून आखूड, जाड काडीचे वाण तयार केले. मार्च १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले, त्याच वर्षी थोडं बियाणं आलं आणि दिल्ली, लुधियाना, पंतनगर अशा ठिकाणी पेरून पाहिलं गेलं. १९६६ साली भारतानं मेक्सिकोहून तब्बल १८,००० टन बियाणं विकत आणलं. सोनोरा-६४, लेर्मा रोहो ही त्यातली नावं.

तेव्हाची निकड आज नीट समजून घ्यावी लागते. १९५१ला देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती, १९६१ला जवळपास ४४ कोटी आणि १९७१ला ५५ कोटींच्या घरात. वीस वर्षांत एकोणीस कोटी तोंडं वाढली, आणि १९६४-६५च्या चांगल्या वर्षातही गहू झाला होता सव्वा कोटी टनांच्या आसपास. पुढे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली येणारा गहू बंदरात उतरायचा आणि लगेच रेशनवर जायचा. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजं मुद्दाम थोडी थोडी सोडत. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आमच्या घरी जुनी माणसं अजून मिलोची आठवण काढतात. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तिच्या भाकरीचा घास गिळत नसे, पण रांगेत उभं राहून तीच आणावी लागे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांना सुकडी मिळायची. हे सगळं मी ऐकत वाढलो, म्हणून धान्याच्या कोठाराबद्दल कुणी सहज बोललं की मला ते सहज वाटत नाही.

हरित क्रांती म्हटलं की बोरलॉग आणि स्वामीनाथन यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचं नावही घेतलं जातं. आपल्या अण्णासाहेब शिंद्यांचं फारसं घेतलं जात नाही. श्रीरामपूर-कोपरगावच्या राजकारणातून गेलेला हा माणूस १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं केंद्रात शेती खात्याचं काम बघत होता. पण मला या प्रवासात शोधायचं होतं ते माणसांच्याही पलीकडचं. जानेवारी १९६५ मध्ये, म्हणजे बियाण्याची मोठी जहाजं यायच्या आधीच, दोन गोष्टी उभ्या राहिल्या होत्या. धान्य विकत घेणारं अन्न महामंडळ आणि भाव ठरवणारा कृषी मूल्य आयोग. ‘तू पिकव, मी घेतो, आणि या भावानं घेतो’ असं सरकारनं शेतकऱ्याला आधी सांगितलं. बियाणं त्यानंतर शेतात गेलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो जिथे प्रत्यक्ष दिसतो त्या पंजाबात मला जायचं होतं.

बुधवार, कर्नाल

पहाटेची गाडी. सोनीपत-पानिपत मागे टाकत कर्नाल. इथे गहू आणि जव यांच्यावर काम करणारी केंद्रीय संस्था आहे. गाठ घेतली ती एका शास्त्रज्ञांची. बोलणं सगळं उन्हाबद्दल. गव्हाचा दाणा मार्चमध्ये भरतो. त्या वेळी रात्री थंड लागतात. २०२२च्या मार्चमध्ये एकाएकी इतकं तापलं की दाणे सुरकुतले. त्या वर्षी सरकारनं मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवली आणि सुरकुतलेला दाणा विकत घेता यावा म्हणून खरेदीचे निकष सैल केले. आता इथल्या करण वंदनासारख्या वाणांचा बोलबाला आहे, लवकर पेरणीवर भर आहे. शास्त्रज्ञ म्हणाले, “साठच्या दशकात प्रश्न होता दुप्पट कसं पिकवायचं. आता प्रश्न आहे जे पिकतंय ते टिकवायचं कसं.” पेरणी पंधरा दिवस अलीकडे आली तरी गहू उन्हाच्या तडाख्यातून बराच वाचतो, पण त्यासाठी शेत वेळेवर मोकळं व्हायला हवं. ते होत नाही. का होत नाही, ते संगरूरला गेल्यावर कळेल, असं त्यांनी सांगून ठेवलं.

गुरुवार, लुधियाना

पंजाब कृषी विद्यापीठ १९६२चं. फाळणीत लायलपूरचं शेतकी कॉलेज आणि कालव्यांचा सगळ्यात सुपीक मुलूख पाकिस्तानात गेला. इकडे आलेल्या निर्वासितांच्या वाट्याला तिकडच्यापेक्षा कमी आणि कोरडी जमीन आली. हे विद्यापीठ त्या पोकळीतून उभं राहिलं. आवारात ग्रामीण पंजाबचं एक संग्रहालय आहे, जुन्या हवेलीसारखं बांधलेलं. माणसाच्या उंचीच्या मातीच्या कणग्या, चरखे, काशाची भांडी. हे कुलगुरू रंधावा यांनी उभारलं. निर्वासितांना जमिनी वाटण्याचं अवघड काम फाळणीनंतर त्यांनीच पाहिलं होतं.

इथल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी चहा पाजला आणि तासभर चकबंदी या एकाच विषयावर बोलले. मला आजवर तिचं महत्त्व इतकं कळलं नव्हतं. एका माणसाची जमीन गावात आठ ठिकाणी विखुरलेली असेल तर तो कुठल्या तुकड्यात बोअर मारणार? पन्नासच्या दशकात आणि साठच्या सुरुवातीला पंजाबनं गावोगाव तुकडे एकत्र करून प्रत्येकाला सलग शेत दिलं. मग शेताला रस्ता आला, ट्यूबवेल आली, ट्रॅक्टर फिरू लागला. बुटका गहू आला तेव्हा जमीन त्याची वाट बघत होती. आपल्याकडे भाऊबंदकीतून बांध वाढत गेले आणि तुकडेबंदीचा कायदा कागदावर राहिला, हे ऐकताना सारखं मनात येत होतं.

दुसरा विषय रोटीचा. मेक्सिकन गहू भरपूर पिकला पण दाणा तांबडा. पीठ लालसर, रोटी चिवट. बाजारात त्याला भाव कमी आणि बायका नाकं मुरडायच्या. मग इथे दिलबागसिंग अठवाल यांनी आणि दिल्लीत पुसाच्या लोकांनी मेक्सिकोहून आलेल्या साहित्यातून पिवळसर, टपोऱ्या दाण्याची निवड केली. इथलं नाव कल्याण, दिल्लीचं सोना. वाण एकच निघाला म्हणून नावं जोडली. कल्याणसोना. आपल्याकडे सत्तरच्या दशकात बागायती गहू करणाऱ्या प्रत्येक घरात हे नाव होतं. धान्य नुसतं पोट भरून चालत नाही, ते आपल्या तव्यावर नीट भाजलं गेलं पाहिजे. खाणाऱ्याचं हे म्हणणं शास्त्रज्ञांनी मनावर घेतलं म्हणून तो गहू घरोघरी गेला.

१९६८चा हंगाम आला तेव्हा गहू ठेवायला जागा पुरेना. शाळांना सुट्ट्या देऊन वर्गांत गहू रचला गेला. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या हस्ते गहू क्रांतीचं पोस्टाचं तिकीट निघालं. आदल्याच वर्षी अमेरिकेत दोन भावांनी लिहिलेलं होतं की भारत वाचण्यापलीकडे गेला आहे, त्याला धान्य देणं म्हणजे वाया घालवणं. हे वाचलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

शुक्रवार, खन्ना

जी. टी. रोडवरचं खन्ना आशियातली सगळ्यात मोठी धान्यमंडी म्हणून ओळखलं जातं. सकाळी सातला पोचलो तेव्हा ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. बैसाखी होऊन गेली की आठ-दहा दिवस इथे श्वास घ्यायला सवड नसते.

मी एका आढत्याच्या ओट्यावर बसून दिवसभर एकाच ढिगाचा माग घ्यायचा ठरवला. ट्रॉली मागून उघडली आणि गहू फरसबंद अंगणात ओतला गेला. काल संध्याकाळी हार्वेस्टरनं कापलेला, हात घातला तर आतून कोमट. सगळीकडे भुसा उडत होता, नाकातोंडात, डोळ्यांत. चार पल्लेदारांनी, म्हणजे हमालांनी, तो वीजपंख्याच्या चाळणीतून काढला. दुपारी खरेदी संस्थेचा निरीक्षक आला, मूठभर दाणे आर्द्रतेच्या यंत्रात घातले. बारा टक्क्यांच्या आत हवं. अकरा पूर्णांक काहीतरी आलं. शेतकरी, साठीचे सरदारजी, यंत्राकडे बघत उभे होते. आकडा आला तसे शेजारच्या खाटेवर जाऊन टेकले. भावाची घासाघीस काही नाही. २०२५च्या हंगामाचा हमीभाव २,४२५ रुपये क्विंटल होता, तोच. मग पन्नास किलोची तागाची पोती, तराजू, शिलाई. शिलाईवाला पोऱ्या पोत्याचं तोंड मशीनखालून ओढत होता आणि दर पोत्यामागे त्याचा अंगठा सुईपासून दोन बोटांवरून सरकत होता. एका ठेक्यात, न बघता.

पैसे आता सरळ शेतकऱ्याच्या खात्यात जातात. पूर्वी ते आढत्याच्या हातून जायचे. आढत्याची दलाली मात्र अजून आहे, आणि त्याचं शेतकऱ्याशी नातंही. लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला उचल तोच देतो. सरदारजी म्हणाले, “बँक दहा कागद मागते, हा फक्त तोंड बघतो.” व्याज किती घेतो हे विचारल्यावर दोघंही हसले.

मला जास्त अस्वस्थ केलं ते पल्लेदारांनी. बहुतेक सगळे बिहारचे. पूर्णियाच्या एकाशी दुपारी भाकरतुकड्याच्या वेळी बोललो. मीठ-मिरची, कांदा आणि जाड रोट्या. घरी दोन बिघे शेत, त्यातही गहू आहे. मी विचारलं, तिथे काय भाव मिळतो? व्यापारी देईल तो, हमीभावापेक्षा बराच कमी, आणि तोही रोख मिळेल तेव्हा. बिहारनं २००६ साली बाजार समित्यांचा कायदाच काढून टाकला आणि सरकारी खरेदी तिथे नावापुरती उरली. हा माणूस हजाराहून जास्त किलोमीटरवरून येऊन दुसऱ्याच्या गव्हाची पोती पाठीवर उचलतो, ज्यांच्या प्रत्येक दाण्याला हमी आहे. त्याच्या स्वतःच्या शेतातला तोच दाणा बेवारस. पीक सारखं, मातीही गंगेच्या खोऱ्यातली, कसदार. फरक फक्त घेणारा उभा आहे की नाही एवढाच.

दरवर्षी एकट्या पंजाबातून सव्वाशे लाख टनांच्या आसपास गहू सरकार घेतं. देशाच्या दीड टक्का जमिनीवरचं हे राज्य. अन्नसुरक्षा कायद्याखाली आज सुमारे ८१ कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं, कोविडच्या काळात तर त्यावर कितीतरी घरं तगली. ते धान्य असं पोत्यापोत्यानं, पाठीपाठीवरून गोळा झालेलं असतं. संध्याकाळी ढीग उचलला गेला तेव्हा तीन बायका खराट्यांनी फटीतले दाणे गोळा करत होत्या. तेही मोजून विकले जातात.

शनिवार, नंगल

भाक्रा बघायला गेलो. नंगलहून एक लाकडी डब्यांची गाडी धरणापर्यंत जाते, तिला तिकीट नाही, १९४८पासून फुकट आहे. शाळकरी पोरं आणि धरणाचे कामगार यांनी भरलेली. धरण २२६ मीटर उंच, १९६३च्या ऑक्टोबरात नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलं. त्यामागचा गोविंदसागर बघताना जुन्या बिलासपूर शहराची आठवण ठेवायला हवी, ते अख्खं पाण्याखाली गेलं. या कालव्यांच्या पाण्याशिवाय बुटका गहू नुसताच बुटका राहिला असता. खताला पाणी लागतं आणि तेही ठरल्या वेळी. दुपारच्या गाडीनं लुधियान्याला परत.

रविवार, सराभा आणि संगरूर

संगरूरला जाताना वाट थोडी वाकडी करून सराभ्याला थांबलो. कर्तारसिंग सराभा यांचं गाव. ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या गदर पक्षाचा हा तरुण १९१५च्या नोव्हेंबरात लाहोरला फासावर गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मी थांबलो त्याला आणखी एक कारण होतं. त्याच गदर पक्षात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. अमेरिकेत शेतकी शिकलेले, ब्रिटिशांनी पाठ धरल्यामुळे इराणपासून देशोदेशी भटकलेले, आणि शेवटी मेक्सिकोत स्थिरावलेले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत ते शिकवत, मक्यावर आणि गव्हावर काम करत. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं आहे. बोरलॉग मेक्सिकोत पोचले ते १९४४ साली, खानखोज्यांचं काम त्याआधीचं. त्यांचा गहू आणि बोरलॉगचा गहू यांचा थेट धागा नाही. पण भारताची भूक भागवायला मेक्सिकोचा गहू आला, त्या मेक्सिकोत शेतकऱ्याच्या पोराला गव्हाचं शास्त्र शिकवणारा एक विदर्भातला माणूस होता, ही गोष्ट आपल्या शाळांत सांगायला हवी. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात ते गेले. पंजाबच्या शेतांत तेव्हा त्या अठरा हजार टनांतलं बियाणं उगवून आलं होतं.

संगरूरजवळच्या गावात मित्राच्या ओळखीच्या कुटुंबाकडे मुक्काम. बाऊजी सत्तरीचे, मुलगा चाळिशीचा, पंधरा किल्ले जमीन. किल्ला म्हणजे एकर. हार्वेस्टर येऊन गेला होता, शेतात नुसते खुंट. यंदा एकरी एकवीस क्विंटल उतरले. आमच्याकडे राज्याची सरासरी एकरी आठ क्विंटलच्या आत-बाहेर असते असं सांगितल्यावर बाऊजी हळहळले.

संध्याकाळी त्यांनी मला शेताच्या कोपऱ्यात नेलं. तिथे विटांनी बांधलेला एक खड्डा होता, विहिरीसारखा गोल, खाली उतरायला लोखंडी कड्या. त्यांच्या वडिलांनी पहिली मोटर जमिनीवरच बसवली होती. पाणी खाली गेलं तसा खड्डा खणून मोटर खाली नेली. पाणी आणखी खाली गेलं, खड्डा आणखी खोल केला. बाऊजींनी काठी आत धरून दाखवली. भिंतीच्या विटांचा रंग तीन ठिकाणी बदलतो, एकेका टप्प्याची वीट वेगळ्या भट्टीची. सगळ्यात खालचा थर ऐंशीच्या दशकातला. त्यानंतर खड्ड्याचा उपयोगच उरला नाही. आता शेजारी सबमर्सिबल आहे, ते तिला मच्छी मोटर म्हणतात. खोली चारशे फुटांच्या पुढे. खड्ड्याच्या तळाशी पिंपळाचं रोप उगवलेलं होतं.

हे पाणी गव्हानं नेलं नाही. भातानं नेलं. पंजाबी माणूस रोटी खाणारा, भात त्याच्या ताटात सणासुदीला. १९६०-६१ साली इथे भात सव्वादोन लाख हेक्टरांवर होता. आज तीस लाखांच्या वर आहे. देशाला गव्हाबरोबर तांदूळही हवा होता, सरकारनं तोही सगळाच्या सगळा विकत घ्यायला सुरुवात केली, १९९७ला शेतीची वीज फुकट झाली, आणि मका, कापूस, हरभरा, बाजरी एकामागून एक शेताबाहेर गेले. वर्षभरात जितकं पाणी मुरतं त्याच्या जवळजवळ दीडपट हे राज्य उपसतं.

कर्नालच्या शास्त्रज्ञांनी राखून ठेवलेलं उत्तर मुलानं दिलं. पाणी वाचावं म्हणून २००९ला कायदा झाला, १० जूनच्या आधी भात लावायचा नाही. कडक उन्हात वाफ होऊन जाणारं पाणी वाचलं, पण भात कापायला ऑक्टोबरचा शेवट उजाडू लागला. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचा. मधे पंधरा-वीस दिवस. हार्वेस्टर मागे हातभर खुंट आणि पेंढ्याचा थर सोडून जातो, आणि तो काढायला ना माणूस ना वेळ. मग शेतातच पेंढा पेटवला जातो. दिल्लीचं धुरानं भरलेलं आकाश सगळे बघतात, त्यामागची ही तारखांची कोंडी फार थोड्यांना माहीत असते. मुलानं गेली काही वर्षं पेंढा जाळलेला नाही. लुधियाना विद्यापीठात विकसित झालेल्या हॅपी सीडर या यंत्रानं तो पेंढ्यातच गहू पेरतो आणि लवकर तयार होणारा पीआर-१२६ भात लावतो. पण त्या यंत्राला मोठा ट्रॅक्टर लागतो, जो त्याच्याकडे आहे. शेजारच्या तीन एकरवाल्याकडे नाही.

जेवताना, मक्याची नव्हे, याच गव्हाची रोटी आणि दाल, मी विचारलं, मग भात सोडत का नाही? बाऊजींनी उलट विचारलं, “तुमच्या महाराष्ट्रात पाण्याचे टँकर चालतात म्हणे. मग तिथे ऊस का लावतात?”

मी बराच वेळ काही बोललो नाही. खरं उत्तर तेच होतं जे त्यांचं होतं. कारखाना ऊस नेतो, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी दर, ठरलेली असते. ज्वारी घेऊन बाजारात गेलं तर कोण काय देईल याचा भरवसा नसतो. सोलापूरच्या माणसाला पाण्याची किंमत कळत नाही असं थोडंच आहे. शेतकरी पीक निवडतो ते पाण्याकडे बघून नव्हे, घेणाऱ्याकडे बघून. खन्नाच्या मंडीत ज्या हमीचं मला इतकं कौतुक वाटलं होतं, तीच हमी इथे या खड्ड्याच्या तळाशी दिसत होती. देशानं गहू आणि तांदूळ या दोनच धान्यांना शब्द दिला, आणि पंजाबनं तो शब्द स्वतःचं पाणी खर्चून पाळला. आज या लोकांना पाणी नासवणारे, धूर करणारे म्हणून दूषणं देणं हा कृतघ्नपणा आहे. त्यांनी आपल्या मागणीप्रमाणे पिकवलं.

“जूनमध्ये काय लावणार?” मी निजताना मुलाला विचारलं. “दोन किल्ले मका करून बघीन,” तो म्हणाला. “मागच्या खेपेला मक्याला जाहीर भावापेक्षा पाचशे कमी मिळाले. बाकी तेरा किल्ले धान. घर तेरा किल्ल्यांवर चालतं.”

सोमवार-मंगळवार, पंजाब मेल

बठिंड्याहून पंजाब मेल पकडली. ही गाडी १९१२पासून या भागाला मुंबईशी जोडते. स्टेशनाबाहेर मालगाडीत गहू चढत होता, एका रेकमध्ये अडीच हजार टनांवर माल जातो. डब्यात नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब होतं, मनमाडला उतरून पुढे जाणारं. त्यांच्यातल्या आजींनी पिन्न्या, म्हणजे कणकेचे लाडू, दिल्या आणि महाराष्ट्रात कणीक कशी मिळते हे खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, आम्ही लोकवन आणतो, सिहोर आणतो, आणि रेशनवर येतो तो तुमचा.

१९६४-६५ साली सव्वा कोटी टन होणारा गहू आता अकरा कोटी टनांच्या वर गेला. त्या काळात लोकसंख्या तिप्पट झाली, गहू नऊपट. हे आकडे मी मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले, आणि त्यांच्या शेजारी माझ्या राज्याचा एक आकडा ठेवला. महाराष्ट्रात साठ साली ज्वारी साठ लाख हेक्टरांवर होती. आता तिचं क्षेत्र एक तृतीयांशाच्याही खाली आलं आहे. कमी पाण्यावर येणारं, कडब्यानं जनावरं जगवणारं, उन्हाला न भिणारं हे पीक. तिचाही हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण खन्नासारखं अंगण, निरीक्षक, तराजू आणि खात्यावर पैसे हे तिच्या वाट्याला येत नाही. पंजाबला भात कमी करायला सांगायचं असेल तर देशाला तांदळाऐवजी दुसरं काहीतरी विकत घ्यावं लागेल, आणि ते कुठेतरी आधी घेऊन दाखवावं लागेल. मराठवाड्यात आणि सोलापुरात रेशनसाठी ज्वारीची खरेदी मनापासून, हंगामभर, प्रत्येक तालुक्यात एकदा करून बघा. शेतकरी पेरतो की नाही ते दोन वर्षांत कळेल.

मनमाडला आजींचं कुटुंब उतरलं, मी त्यांच्या पिशव्या खाली दिल्या. इथे अन्न महामंडळाचं मोठं कोठार आहे. उत्तरेकडून आलेले रेक इथे रिकामे होतात आणि पोती ट्रकनं जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. आजींनी विचारलं, “इथेच का उतरतो आमचा गहू?” मी म्हटलं, हो, इथेच. त्यांनी सुनेला हाक मारून तेही सांगितलं.